श्वास सावकाश घ्या, पण गोळी सोडू नका

रक्तदाब हा श्रीमंतांचा आजार आहे, असा एक गैरसमज आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही पक्का बसलेला आहे. बीपी, शुगर हे साहेब लोकांचे रोग. घाम गाळणाऱ्याला ते होत नाहीत, असे म्हातारी माणसे सांगतात आणि तरुण माना डोलावतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेला आढळला. म्हणजे चार-पाच माणसांमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात भारतातील ३० ते ७९ वयाच्या रुग्णांचा आकडा १८ कोटी ८० लाखांच्या घरात सांगितला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नाही. इतके सगळे साहेब लोक या देशात आहेत कुठे?

हा आजार दुखत नाही, हीच त्याची खरी खोड. दाढ दुखली तर माणूस कर्ज काढून डॉक्टरकडे जातो. बीपी वाढले तर काहीच होत नाही, निदान तसे वाटते. वरचा आकडा १७० असताना माणूस गटारात उतरतो, विटा वाहतो, चार घरची धुणीभांडी करतो, लग्नात नाचतो. आणि एके दिवशी तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, किंवा जेवून झोपलेला घरचा कर्ता माणूस सकाळी उठत नाही. मग आपण म्हणतो, कालपर्यंत तर ठणठणीत होता. तो ठणठणीत नव्हता. त्याचे बीपी कोणी मोजले नव्हते, एवढेच.

अशा न दुखणाऱ्या आजारासाठी आयुष्यभर रोज गोळी घ्यायची, हे कोणालाही पटकन पटत नाही. त्यातून वाट निघते ती 'बिनऔषधाने बीपी बरा' या जाहिरातीकडे. टीव्हीवरचे बाबा, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ, बसस्टॉपवरची पत्रके एकच गोष्ट सांगतात: नाकाने श्वास घ्या, गोळ्या कचऱ्यात टाका. यातील पहिल्या अर्ध्या वाक्यात थोडे तथ्य आहे. दुसरे अर्धे वाक्य जिवावर बेतणारे आहे. ही दोन वाक्ये वेगळी करून दाखवणे हाच या लेखाचा हेतू.

पहारेकऱ्याची डुलकी

आधी तथ्य काय ते पाहू. आपल्या मानेतील धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे बारीक चेतातंतू असतात. ते शरीराचे पहारेकरी. रक्ताचा दाब वाढला की ते मेंदूला खबर देतात. मेंदू लगेच हृदयाची गती उतरवतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो आणि दाब खाली येतो. निरोगी माणसात हे काम दिवसभर, क्षणाक्षणाला चालू असते. ज्यांचे बीपी वर्षानुवर्षे वाढलेले असते त्यांच्यात हा पहारेकरी सुस्तावतो. वाढलेला दाबच त्याला नेहमीचा वाटू लागतो.

श्वासाचा संबंध इथे येतो. मोठे माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. हा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आणला, म्हणजे एक श्वास आत-बाहेर मिळून दहा सेकंदांचा केला, तर एक गंमत घडते. रक्तदाबाची स्वतःची जी सूक्ष्म चढउतार असते तिची लयही जवळपास दहा सेकंदांचीच आहे. दोन्ही लयी जुळल्या की सुस्तावलेला पहारेकरी जागा होतो, त्याची जाणीव तीक्ष्ण होते.

इटलीतील पाविया विद्यापीठाच्या संशोधकांचे यावरचे काम प्रसिद्ध आहे. २००५ साली छापलेल्या अभ्यासात त्यांनी रक्तदाबाच्या २० रुग्णांना काही मिनिटे मिनिटाला सहा या गतीने श्वास घ्यायला लावले. वरचा आकडा सरासरी १५० च्या आसपास होता, तो १४१ वर आला. मिनिटाला १५ श्वासांची ठरावीक लय दिली तेव्हा पहारेकऱ्याची जाणीव मात्र सुधारली नाही. म्हणजे फरक पडला तो संथपणाने.

याच विद्यापीठातील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तो आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, ख्रिस्ती लोक जपमाळेवर म्हणतात ती मेरीची लॅटिन प्रार्थना. दुसरा, तिबेटी बौद्ध परंपरेतील मणिपद्मे मंत्र. दोन्हींत परिणाम सारखाच दिसला. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी ती जाणीव सुधारली. देव वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण फुप्फुस तेच. चमत्कार मंत्राचा नव्हता. एका दमात म्हणायच्या ओळीची लांबी दहा सेकंदांच्या लयीत बसली, एवढेच त्याचे रहस्य. विहारात संथ लयीत वंदना म्हणताना आपलाही श्वास सावकाश सुटतो. घड्याळ समोर ठेवून कोणीही ते मोजून पाहावे.

फायदा किती, तो मोजून सांगा

कोणतीही गोष्ट चांगली आहे म्हटले की आपण 'किती?' हा प्रश्न विचारायला विसरतो. विकणाऱ्याला तेच हवे असते. अमेरिकेत २००२ साली एका यंत्राला सरकारी परवानगी मिळाली. छातीला पट्टा, कानात सूर, आणि त्या सुरावर हळूहळू श्वास मंद करत न्यायचा. रोज १५ मिनिटे. यंत्र महाग होते आणि त्याचे अभ्यासही बरेच झाले. २०१२ साली ब्रिटिश संशोधकांनी ते सगळे अभ्यास एकत्र तपासले. एकूण हिशेबात वरचा आकडा तीन-चार अंकांनी उतरलेला दिसला. पण यंत्र बनवणाऱ्यांचा पैसा ज्या अभ्यासांत होता ते बाजूला काढल्यावर फायदाच उरला नाही! पैसा कोणाचा, हे विचारल्याशिवाय विज्ञानसुद्धा पूर्ण कळत नाही, ते असे.

तरीही विषय तिथे संपला नाही. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यंत्राच्या मदतीने केलेल्या संथ श्वसनाला पूरक उपाय म्हणून मध्यम दर्जाची शिफारस दिली. २०१९ साली १७ अभ्यासांतील हजारावर माणसांचा हिशेब मांडला गेला. त्यांत यंत्राविना केलेले संथ श्वसनही होते. सरासरीने वरचा आकडा पाच ते सहा अंकांनी आणि खालचा तीनेक अंकांनी कमी झालेला दिसला. बरेचसे अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत, हेही सांगितले पाहिजे.

पाच-सहा अंक म्हणजे काय? ज्याचे बीपी १३६ आहे त्याचे १३० वर आले तर ते मोलाचे आहे. ज्याचे १६५ आहे त्याचे १५९ झाले, तर तो माणूस धोक्यात होता तसाच धोक्यात आहे. नेहमीच्या मात्रेतील एक गोळी सरासरी नऊ अंक उतरवते. अनेकांना दोन गोळ्या लागतात. म्हणून संथ श्वसन हा सौम्य वाढीवरचा उपाय आहे आणि त्यापुढच्या बीपीत गोळीचा जोडीदार आहे. गोळीची जागा घेणारा तो नव्हे.

हे पाच अंक क्षुल्लकही मानू नयेत. २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की औषधांनी वरचा आकडा पाचने जरी उतरला तरी हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात. एका माणसाला हा फरक जाणवणार नाही. हजार माणसांच्या वस्तीत तो दिसेल.

करायचे कसे?

यासाठी शिबिर, गुरू, फी, पांढरे कपडे यांपैकी काहीही लागत नाही. पाठीला टेकू देऊन खुर्चीवर बसा किंवा भिंतीला टेकून जमिनीवर बसा. आधी एक मिनिट आपला श्वास आहे तसा मोजा. मग नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट हलके पुढे येऊ द्या. त्याहून सावकाश सोडा. मनात चार अंक म्हणत घ्यायचा, सहा अंक म्हणत सोडायचा. पहिल्या दिवशी सहावर जाण्याचा हट्ट नको. मिनिटाला दहा जमले तरी पुष्कळ. आठ-पंधरा दिवसांत गती आपोआप उतरते. रोज १० ते १५ मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, चहाआधी बसले तरी चालते.

श्वास कोंडून धरायचा नाही, जोर लावायचा नाही. चक्कर आली, मुंग्या आल्या तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. दमा, फुप्फुसाचा जुना आजार किंवा हृदयाची दुर्बलता असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच सुरुवात करावी. आणि एक गल्लत टाळावी. पोटाला झटके देत भराभर श्वास फेकणे हा प्रकार याच्या नेमका उलट आहे. टीव्हीवर दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. बीपीच्या रुग्णाने ते झटके स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण विपश्यना शिबिराला जाऊन आलेले असतात. त्यांना वाटेल, हे तर आनापानच. नाही. मज्झिम निकायातील ११८ व्या सुत्तात आनापानसती सांगितली आहे. तिथे श्वास लांब असेल तर लांब म्हणून जाणायचा, आखूड असेल तर आखूड म्हणून जाणायचा. तो मुद्दाम लांबवायचा नाही. बीपीसाठीच्या या कसरतीत श्वास हेतुपुरस्सर मंद करायचा असतो. एकाचा हेतू चित्ताची ओळख, दुसऱ्याचा हेतू धमनीतला दाब. विपश्यना की चळवळ, हा वाद आपल्याकडे जुना आहे. त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. पण तथागतांनी कालामांना जे सांगितले ते इथे नक्की लागू पडते. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथ सांगतो म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. बीपीच्या बाबतीत तपासणे फार सोपे आहे. मशीन लावा, आकडा वहीत लिहा. सहा आठवडे श्वसन करा, पुन्हा लिहा. उतरला तर चालू ठेवा. नाही उतरला तर डॉक्टरला वही दाखवा.

मोजतानाही शिस्त हवी. आधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवी तुंबलेली नसावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. जिने चढून धापा टाकत आलेल्या बाईला तसेच मशीन लावून 'बीपी वाढलाय' म्हणणे जितके चूक, तितकेच 'टेन्शनमुळे असेल' म्हणून पुन्हा न मोजणेही चूक.

गोळी कोणी सोडायची नाही?

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या वर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेणे भाग आहे. मधुमेह, किडनीचा त्रास, आधी येऊन गेलेला झटका असेल तर त्याहून लवकर. गरोदर बाईचे बीपी वाढले तर श्वसन करत घरी बसू नये, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आकडा १८० वर १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणे, बोबडी वळणे, दृष्टी धूसर होणे, धाप लागणे यांपैकी काही असेल तर एक मिनिटही घालवू नये. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळून वर येते. श्वसनाने, मीठ कमी केल्याने, वजन उतरल्याने आकडे खरोखर खाली राहू लागले तर गोळी कमी करता येते. पण ते डॉक्टरने ठरवायचे, बाबाने नाही.

यासाठी कायदाही आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात जास्त व कमी रक्तदाबाचे नाव आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. तरी सत्तर वर्षे जाहिराती चालूच आहेत. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर एका प्रसिद्ध योगगुरूच्या कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. ती माफी किती जणांनी वाचली? जाहिरात मात्र घराघरांत पोचली होती.

ज्याला गोळी महाग वाटते त्याने प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढावी. २०१७ च्या अखेरीस भारतीय रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्रही होता. साध्या, स्वस्त, नेमून दिलेल्या गोळ्या आणि रुग्णाचा पाठपुरावा हेच त्याचे सूत्र. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. केंद्रात गोळी शिल्लक नाही असे उत्तर मिळाले तर मुकाट्याने परतू नये. ती आपल्या हक्काची गोळी आहे, लेखी विचारणा करावी.

श्वास घ्यायला उसंत कोणाला?

आता खरा प्रश्न. संथ श्वसनाला पैसा लागत नाही, पण पंधरा मिनिटे आणि एक शांत कोपरा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, रात्रपाळी करून आलेला नवरा, पहाटे पाण्याच्या रांगेत उभी राहणारी बाई, यांना तो कोपरा कुठे मिळायचा? 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला देणाऱ्याला ते टेन्शन कोण देते, हे विचारावेसे वाटत नाही.

अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच अधिक आहे. शेरमन जेम्स या कृष्णवर्णीय संशोधकाने १९८० च्या दशकात याचा वेगळा विचार मांडला. काळ्यांच्या लोककथेत जॉन हेन्री नावाचा एक पोलादी छातीचा मजूर आहे. डोंगर फोडण्याच्या यंत्राशी तो हातोड्याने शर्यत लावतो, जिंकतो आणि तिथेच कोसळून मरतो. जेम्स यांनी त्याचे नाव एका वृत्तीला दिले. परिस्थिती विरोधात, हातात साधने नाहीत, तरी दुप्पट कष्ट करून स्वतःला सिद्ध करतच राहायचे. या न संपणाऱ्या झटापटीची किंमत शरीर मोजते, रक्तदाबाच्या रूपाने. हे वाचताना आपल्याला आपलीच माणसे आठवत नाहीत काय? कार्यालयात 'कोट्यातला' हा टोमणा ऐकत दुप्पट काम करणारा कारकून, पहिल्या पिढीची प्राध्यापिका, कंत्राटी सफाई कामगार. यांना नुसते 'दीर्घ श्वास घ्या' म्हणणे म्हणजे मानेवरचे जू तसेच ठेवून बैलाला मालिश करणे.

कामाचे तास हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. बारा तास उभे राहून घरी आलेल्या माणसाला श्वसनाचे धडे कोण देणार? म्हणून श्वास घ्यावा आणि संघटनाही करावी. एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही.

विहार काय करू शकतो?

लॉस एंजेलिसमध्ये ५२ न्हाव्यांच्या दुकानांत एक प्रयोग झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. काळे पुरुष दवाखान्यात जात नाहीत, पण केस कापायला नेमाने जातात. मग औषधतज्ज्ञच दुकानात बसवला. न्हावी आपल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाचे बीपी मोजायचा, औषधतज्ज्ञ तिथेच गोळी ठरवायचा. सहा महिन्यांत त्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना दुकानात नुसता सल्ला मिळाला त्यांचा नऊच अंकांनी उतरला. जादू जागेची होती. माणसाचा जिथे विश्वास बसतो, तिथे उपचार गेला.

आपल्याकडे अशी जागा प्रत्येक वस्तीत आहे. तिचे नाव विहार. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आरोग्य शिबिरे लागतात, रांगा लागतात, बीपी मोजले जाते, हातात चिठ्ठी मिळते. पुढे काय? चिठ्ठी खिशात विरते. बीपीचे काम वर्षातून एका दिवसाचे नाही, महिन्याच्या महिन्याला करायचे आहे. दंडाला लावायचे चांगले मशीन दोन हजारांच्या आसपास मिळते. जयंतीच्या डीजेच्या एका तासाला किती जातात, याचा हिशेब मंडळांनी स्वतःच करावा. वस्तीतली एखादी नर्स, आशाताई किंवा फार्मसी शिकणारा तरुण यांना सोबत घ्यावे. रविवारी वंदना झाल्यावर मोजणी करावी, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा, दहा मिनिटे सर्वांनी मिळून संथ श्वसन करावे. ज्या बाईला घरात कोपरा नाही, तिला तो विहारात मिळेल. मिठाचा विषयही तिथेच काढावा. पापड, लोणचे, सुकट, फरसाण यांत मीठ बरेच असते, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ज्याचा आकडा वर आहे त्याला सोमवारी आरोग्य केंद्रात घेऊन जायची जबाबदारी एकाने उचलावी.

येत्या पौर्णिमेपासून हे सुरू करता येईल. एक मशीन, एक वही, आणि 'आज गोळी घेतली का?' असे दर आठवड्याला न कंटाळता विचारणारा एक कार्यकर्ता, एवढे पुरे आहे.